निर्मळ ध्वनीचा साधक

कित्ता गिरवणारे लहान मूल तुम्ही पाहिले असेल. वहीच्या माथ्यावर छापलेली ओळ असते. तिचे अक्षर सुरेख, रेखीव असते. मूल ती ओळ पाहून खाली दुसरी ओळ लिहिते. ती पहिल्या ओळीसारखीच असते, पण किंचित वाकडी उतरते. तिसरी ओळ लिहिताना मुलाची दृष्टी वरच्या छापील ओळीकडे जात नाही. ती नुकत्याच लिहिलेल्या आपल्याच ओळीवर राहते. साहजिकच दुसऱ्या ओळीचा वाकडेपणा तिसरीत उतरतो आणि त्यात तिसरीच्या स्वतःच्या वाकडेपणाची भर पडते. असे होता होता पानाच्या तळाशी जी ओळ येते, तिचे मूळ ओळीशी काही नाते असेल असे वाटतही नाही. एकेका ओळीतील चूक पाहू गेल्यास अगदी अल्प असते; पण अल्प चुका एकीवर एक साचत गेल्या म्हणजे त्यांचा डोंगर होतो.

एके काळी दूरध्वनीच्या तारांची हीच स्थिती झाली होती. मनुष्याचा आवाज दूर देशी पाठवावयाचा, तर वाटेत तो ठिकठिकाणी मोठा करावा लागे. आणि तो जितक्या वेळा मोठा केला जाई, तितक्या वेळा थोडाथोडा बिघडत जाई. या बिघाडावर उपाय शोधण्यात एका तरुण अभियंत्याने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे घालविली. त्याचे नाव हॅरोल्ड स्टीफन ब्लॅक.

हॅरोल्डचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर या गावी १४ एप्रिल १८९८ रोजी झाला. हे गाव कंगवे बनविण्याच्या कारखान्यांसाठी त्या काळी प्रसिद्ध होते. त्याच राज्यातील वूस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेत हॅरोल्डने विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. १९२१ साली पदवी मिळताच तो न्यूयॉर्क शहरी गेला आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरीस लागला. अमेरिकेतील दूरध्वनीची यंत्रसामग्री ही कंपनी तयार करीत असे. पुढे १९२५ साली तिच्या संशोधन विभागातूनच बेल प्रयोगशाळा ही जगद्विख्यात संस्था उभी राहिली आणि ब्लॅक तिचे सभासद झाले.

नोकरीच्या आरंभीच या तरुणाच्या मनास लागणारी एक गोष्ट घडली. काही महिने काम झाल्यावर बरोबरीच्या बहुतेक मंडळींना पगारवाढ मिळाली; ब्लॅक यांना मात्र ती मिळाली नाही. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. नोकरी सोडून द्यावी आणि दुसरा एखादा व्यवसाय पाहावा, असा विचार त्यांच्या मनात बळावला. परंतु रागाच्या भरात पाऊल उचलण्यापूर्वी त्यांनी स्वतःकडे वळून पाहिले. ज्या कामासाठी आपण आलो, त्याची आपल्याला कितपत माहिती आहे, असा प्रश्न त्यांनी आपल्याच मनास विचारला. उत्तर समाधानकारक आले नाही. तेव्हा त्यांनी नोकरी न सोडता शिकण्याचा निश्चय केला.

कचेरीत जुन्या टिपणांचे गठ्ठे जपून ठेवलेले होते. १८९८ सालापासून, म्हणजे ब्लॅक यांच्या जन्मवर्षापासून, तेथील अभियंत्यांनी केलेले प्रयोग, त्यांना आलेल्या अडचणी आणि त्यांनी काढलेले तोडगे या टिपणांत नोंदलेले होते. रविवारी कचेरी ओस पडे. अशा रविवारी सकाळी ब्लॅक तेथे जात आणि एकेक गठ्ठा सोडून वाचीत बसत. कोणी त्यांना हे काम सांगितले नव्हते आणि त्याचा मोबदलाही मिळणार नव्हता. पण या वाचनातून दूरध्वनीच्या विद्येतील खरी अडचण कोठे आहे, ते त्यांच्या ध्यानात आले.

ती अडचण कोणती, ते आता पाहू.

आपण दूरध्वनीत बोलतो, तेव्हा आवाजाच्या कंपनांप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा प्रवाह तारेतून वाहू लागतो. तार जसजशी लांब होत जाते, तसतसा हा प्रवाह क्षीण होत जातो. म्हणून वाटेत ठराविक अंतरावर त्याला नवे बळ द्यावे लागते. हे काम करणाऱ्या यंत्रास विवर्धक म्हणतात. पूर्वीच्या काळी पोस्टाचे टपाल नेणारा हरकारा एका चौकीपर्यंत धावे आणि तेथून दुसरा ताज्या दमाचा हरकारा ते पुढे नेई. विवर्धक म्हणजे तारेवरची अशी चौकीच होय. त्या काळच्या विवर्धकाचे काम निर्वात नलिकेवर चाले. काचेच्या नळीतील हवा काढून घेतलेली असे आणि आत तापलेली तार व धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असत. जुन्या रेडिओंतही अशाच नळ्या असत व लोक त्यांना व्हॉल्व्ह म्हणत.

२५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांमधील दूरध्वनी सुरू झाला. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत तीन हजार मैलांहून अधिक लांबीची ती तार होती आणि तिच्यावर प्रारंभी तीन ठिकाणी व्हॉल्व्हचे विवर्धक बसविले होते. सर्व देशाला त्याचे कौतुक वाटले. पण तीन मिनिटांच्या संभाषणास २० डॉलरांहून अधिक आकार पडे. इतके द्रव्य सामान्य मनुष्याने कोठून आणावे? दूर गावी असलेल्या मुलाची खुशाली विचारण्याची सोय श्रीमंतांपुरतीच राहिली.

हा खर्च कमी करण्याचा एकच मार्ग दिसत होता. एकाच तारेवरून एकाच वेळी पुष्कळ संभाषणे पाठविता आली, तर तारेचा खर्च सर्वांमध्ये वाटला जाईल. तशी युक्ती सापडलीही होती. प्रत्येक संभाषण निरनिराळ्या कंपनसंख्येच्या विद्युत्लहरींवर आरूढ करावे, म्हणजे रेडिओवर जशी निरनिराळी केंद्रे परस्परांत न मिसळता ऐकू येतात, तशी ती संभाषणे एकाच तारेवर आपापली जागा धरून प्रवास करतील. कंपनसंख्या म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. जितकी संभाषणे अधिक, तितका कंपनसंख्यांचा पट्टा रुंद होतो. तेव्हा विवर्धक असा हवा, की जो या सबंध रुंद पट्ट्यातील लहानमोठ्या सर्व कंपनसंख्यांना सारखेच बळ देईल. कोणाला अधिक नाही आणि कोणाला उणे नाही. अशा यंत्रास रुंद पट्ट्याचा विवर्धक म्हणावयाचे.

येथेच घोडे अडले होते. व्हॉल्व्ह पक्षपाती होता. काही कंपनसंख्यांना तो पुष्कळ वाढवी, तर काहींकडे दुर्लक्ष करी. शिवाय तो लहरीही होता. आज जितकी वाढ देई, तितकी उद्या देत नसे. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की त्यातून जाताना लहरींचा मूळ आकार बिघडे आणि एका संभाषणाचे तुकडे दुसऱ्या संभाषणात शिरत. एका घरातील गुजगोष्ट भलत्याच घरी कुजबुजल्यासारखी ऐकू येऊ लागली, तर असल्या सोयीचा उपयोग काय? तारेवर तीन विवर्धक असतील, तोवर हा दोष सोसता येई. पण रुंद पट्ट्याच्या लांब तारेवर असे शेकडो विवर्धक एकापुढे एक बसवावे लागणार होते. कित्त्याच्या पानासारखी चूक प्रत्येक टप्प्यावर वाढत जाऊन शेवटी नुसता गोंगाट ऐकू आला असता.

इतर अभियंते व्हॉल्व्हच निर्दोष करण्याच्या खटपटीत होते. ब्लॅक यांनीही ती वाट धरून पाहिली. व्हॉल्व्ह थोडा सुधारे. पण जेवढी सुधारणा हवी होती तिच्या मानाने ती फारच तोकडी पडे.

अशा मनःस्थितीत १९२३ सालच्या मार्च महिन्यात ब्लॅक एका व्याख्यानास गेले. व्याख्याते होते चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. जर्मनीत जन्मलेले, शरीराने ठेंगणे आणि पाठीने वाकलेले असे हे गृहस्थ विद्युत्शास्त्रातील महापंडित म्हणून विख्यात होते. त्या दिवशीचा विषय काय होता, हे ब्लॅक पुढे विसरूनही गेले. परंतु कोणताही प्रश्न हाती घेतल्यावर वरचा सर्व पसारा दूर करून नेमक्या मुळाशी जाण्याची स्टाइनमेट्झ यांची पद्धत त्यांच्या मनावर कायमची ठसली. तेही आपल्या प्रश्नाकडे त्या दृष्टीने पाहू लागले. आपल्याला निर्दोष व्हॉल्व्ह हवा आहे की निर्दोष आवाज? हवा आहे तो आवाज. मग व्हॉल्व्ह सदोषच राहणार हे मान्य करून टाकावे आणि त्याने केलेला दोष शेवटी वेगळा काढून वजा करावा, हे का जमू नये?

त्याच रात्री दोन वाजता त्यांना मार्ग दिसला. विवर्धकातून बाहेर पडलेला प्रवाह घ्यावा, तो मूळ प्रवाहाइतका लहान करावा आणि त्यातून मूळ प्रवाह वजा करावा. बाकी जे उरेल ते सर्व व्हॉल्व्हचे पाप. ते पाप दुसऱ्या विवर्धकाने मोठे करून बाहेर जाणाऱ्या प्रवाहातून काढून टाकले, की शुद्ध आवाज उरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी यंत्र जोडून पाहिले आणि त्यांची कल्पना खरी ठरली.

पण खरी ठरणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे. या युक्तीतील वजाबाकी फार नाजूक होती. दोन विवर्धकांचा मेळ लेशमात्र बिघडला, तरी सर्व मुसळ केरात जाई. दर तासाला कोणीतरी जाऊन व्हॉल्व्हच्या तापलेल्या तारेचा प्रवाह नीट करावयाचा, दर सहा तासांनी बॅटरीचा दाब तपासावयाचा, आणि हे रात्रंदिवस चालवावयाचे! एका यंत्राची इतकी सेवा करावी लागत असेल, तर वाळवंटातून आणि डोंगरांतून जाणाऱ्या तारेवरील शेकडो यंत्रांची सेवा कोणी करावी? ब्लॅक यांनी ही युक्ती बाजूस ठेवली, पण प्रश्न सोडला नाही. पुढील चार वर्षे तो त्यांच्या मनात घोळत राहिला.

ब्लॅक यांचे बिऱ्हाड हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सी राज्यात होते आणि प्रयोगशाळा नदीच्या अलीकडे न्यूयॉर्क शहरात होती. त्यामुळे ते रोज सकाळी लॅकवाना कंपनीच्या बोटीने नदी ओलांडून कामावर येत. २ ऑगस्ट १९२७, मंगळवारची सकाळ. ब्लॅक नेहमीप्रमाणे बोटीच्या कठड्याजवळ उभे होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते. बोट नदीच्या मध्यावर असताना, चार वर्षे ज्याचा ध्यास घेतला होता ते उत्तर एकाएकी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. जवळ कागद नव्हता; हातात त्या दिवशीचे न्यूयॉर्क टाइम्स होते. त्याच्या एका पानावर कोरी जागा होती. तेथेच त्यांनी आकृती काढली, शेजारी समीकरण मांडले आणि खाली सही केली. प्रयोगशाळेत पोहोचताच त्यांनी आपली कल्पना एका सहकाऱ्यास समजावून दिली आणि साक्षीदार म्हणून त्याचीही सही घेतली.

त्या आकृतीत होते तरी काय? विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा एक लहानसा अंश घ्यावयाचा, तो उलटा करावयाचा आणि विवर्धकाच्या तोंडाशी परत आणून मूळ प्रवाहात मिसळावयाचा, एवढेच. या युक्तीस निगेटिव्ह फीडबॅक असे नाव पडले. कित्ता गिरवणाऱ्या मुलाने प्रत्येक अक्षर लिहिताना आपले अक्षर वरच्या छापील ओळीशी ताडून पाहावे आणि जेथे ते वाकडे होऊ लागेल तेथेच हात सावरावा, तसे हे आहे. बाहेर पडणारा प्रवाह मूळ प्रवाहाशी सदैव ताडून पाहिला जातो. दोहोंत जो फरक पडेल तो विवर्धकालाच कळतो आणि तो आपली चूक आपणच सावरून घेतो. दर तासाला कोणी माणूस तेथे जाण्याचे कारण उरत नाही.

एक सोपा हिशेब करून पाहू. समजा, एक विवर्धक प्रवाहास १०,००० पट वाढवितो. बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा शंभरावा भाग उलटा करून आपण तोंडाशी आणला. मूळ प्रवाह १ मानला आणि बाहेर सुमारे ९९ निघाला, तर परत येणारा भाग ०.९९ झाला. तो मूळ १ मधून वजा होऊन विवर्धकाच्या वाट्यास जेमतेम ०.०१ उरतो आणि त्याच्या १०,००० पट म्हणजे पुन्हा शंभराच्या आसपासच संख्या येते. म्हणजे सर्व मिळून वाढ सुमारे ९९ पट झाली. आता व्हॉल्व्ह जुना झाला आणि त्याची शक्ती निम्म्यावर, म्हणजे ५,००० पटीवर आली असे समजा. एकंदर वाढही निम्मी होईल असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही. बाहेरचा प्रवाह घटू लागताच परत येणारा भागही घटतो, वजाबाकी कमी होते आणि विवर्धकास आता जवळजवळ ०.०२ मिळू लागतो. त्याच्या ५,००० पट केल्यास पुन्हा सुमारे तेवढीच संख्या येते; नेमका हिशेब केला तर एकंदर वाढ ९८ पट भरते. व्हॉल्व्हची शक्ती निम्मी झाली, परंतु आवाजास त्याचा पत्ताही लागला नाही!

हाच हिशेब रुंद पट्ट्यासही लागू पडतो. एका कंपनसंख्येस १०,००० पट आणि दुसरीस ५,००० पट वाढविणारा पक्षपाती विवर्धक या युक्तीने एकीस ९९ पट आणि दुसरीस ९८ पट वाढवू लागतो. लहरींचा आकार बिघडविण्याचा त्याचा दोषही अशाच रीतीने दबून जातो.

यासाठी काही किंमत मात्र मोजावी लागते. जो विवर्धक १०,००० पट वाढ देत होता, तो आता ९९ पटच देतो. कष्टाने मिळविलेली शक्ती आपण होऊन सोडून द्यावयाची, हीच गोष्ट त्या काळच्या अभियंत्यांस पटत नव्हती. कारण विवर्धकाकडून अधिकाधिक वाढ कशी मिळवावी, यातच त्यांची सर्व हुशारी खर्च होत असे. एडविन आर्मस्ट्राँग या संशोधकाने १९१२ साली बाहेरचा प्रवाह न उलटविता परत आणून वाढ कितीतरी पटींनी चढविली होती आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली होती. ब्लॅक यांनी नेमके त्याच्या उलट केले. कमी पडलेली वाढ आणखी एखादा व्हॉल्व्ह जोडून भरून काढता येते, परंतु बिघडलेला आवाज कितीही व्हॉल्व्ह जोडले तरी सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

२९ डिसेंबर १९२७ रोजी प्रयोगशाळेत नव्या विवर्धकाची परीक्षा झाली. सेकंदास ४,००० पासून ४५,००० कंपनांपर्यंतच्या पट्ट्यात विकृतीची शक्ती एक लक्षांशावर आली. बोटीवर काढलेली आकृती खरी ठरली.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. आणि त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. शाळेच्या संमेलनात ध्वनिक्षेपक आणि कर्णा एकमेकांसमोर आले म्हणजे कानठळ्या बसविणारी शिट्टी ऐकू येते, हा अनुभव तुम्हांला असेल. कर्ण्यातून निघालेला आवाज ध्वनिक्षेपकात परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. विवर्धकाच्या बाहेरचा प्रवाह आत आणला म्हणजे यंत्र असेच किंचाळू लागणार, असे तज्ज्ञांचे मत होते. उलटा केलेला प्रवाह तारांमधून फिरून येताना काही कंपनसंख्यांच्या बाबतीत उशीर लावतो आणि उलट्याचा पुन्हा सुलट होऊन बसतो, ही भीती खरीही होती. ब्लॅक यांना आपल्या मंडलांची जुळणी फार काळजीपूर्वक करावी लागे. ही भीती नेमकी केव्हा खरी ठरते आणि केव्हा नाही, याचा गणिती नियम त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली शोधून काढला. पुढे हेंड्रिक बोडे यांनी त्या विद्येत मोलाची भर घातली. एकाच्या शोधाला दुसऱ्याच्या गणिताचा आधार मिळाला, तेव्हा ही इमारत पक्की झाली.

ब्लॅक यांनी ८ ऑगस्ट १९२८ रोजी अमेरिकेत एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला. त्याचा निकाल लागण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. असे यंत्र चालणे शक्यच नाही, असे पेटंट कचेरीचे म्हणणे पडले आणि त्यासाठी नामांकित विद्वानांच्या लेखांचे आधार तिने पुढे केले. इंग्लंडमध्ये तर, कधीही न थांबता आपोआप चालणारे यंत्र शोधल्याचा दावा करणाऱ्या भाबड्या लोकांच्या अर्जांस जी वागणूक मिळते, तीच या अर्जास मिळाली. दुसरा एखादा चिडला असता किंवा खचला असता. पगारवाढ न मिळाल्याने एकेकाळी नोकरी सोडण्यास निघालेले ब्लॅक आता शांत होते. वादाचे उत्तर त्यांनी वादाने दिले नाही. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे दूरध्वनीच्या इमारतीत त्यांच्या पद्धतीचे ७० विवर्धक बसवून चालविण्यात आले होते. तोच पुरावा त्यांच्या बाजूने सादर झाला. चालत्या यंत्रापुढे शंकेचे काय चालणार? २१ डिसेंबर १९३७ रोजी पेटंट मंजूर झाले.

तोपर्यंत त्यांच्या शोधाने आपले कार्य आरंभिलेही होते. १९३६ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या शहरांमध्ये नव्या प्रकारची तार टाकून प्रयोग करण्यात आला. या तारेत मधोमध एक तांब्याची तार आणि तिच्याभोवती नळीसारखे धातूचे वेष्टन असते. तिच्यावर सुमारे दहा दहा मैलांवर निगेटिव्ह फीडबॅकचे विवर्धक बसविले होते. त्यांचा पट्टा सेकंदास दहा लक्ष कंपनांपर्यंत पोहोचत होता, म्हणजे मध्यम लहरींवरील रेडिओच्या कंपनसंख्यांना जाऊन भिडला होता. या एका मार्गावरून २४० संभाषणे एकाच वेळी पाठविण्याची सोय होती. १९३७ साली त्याच तारेवरून दूरचित्रवाणीची चित्रेही पाठवून पाहण्यात आली.

याहून मोठी कसोटी पुढे १९५६ साली झाली. स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी दूरध्वनीच्या दोन तारा टाकण्यात आल्या. एक जाणाऱ्या आवाजासाठी आणि दुसरी येणाऱ्या आवाजासाठी. २५ सप्टेंबर १९५६ रोजी हा मार्ग खुला झाला. प्रत्येक तारेवर ५१ विवर्धक एकापुढे एक जोडलेले होते. त्यांतले कित्येक दोन मैलांहून खोल पाण्यात, गडद अंधारात पडले होते. तेथे दर तासाला जाऊन यंत्र नीट करील असा कोण आहे? तरी ३६ संभाषणे एकाच वेळी महासागर ओलांडून निर्मळपणे पलीकडे पोहोचू लागली. १९७८ सालापर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, या मार्गाने इमानाने सेवा केली. समुद्राच्या तळाशी पडलेला प्रत्येक विवर्धक आपली चूक आपणच पाहत होता आणि आपणच सावरत होता.

काळ पालटला. काचेचे व्हॉल्व्ह मागे पडले आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे ट्रान्झिस्टर आले. पण ब्लॅक यांची युक्ती जुनी झाली नाही. आज एखादा विद्यार्थी रेडिओच्या लहरींसाठी रुंद पट्ट्याचा साधा विवर्धक करू लागला, तर एका ट्रान्झिस्टरवर त्याचे काम भागते. बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकाकडे तो एक रोधक जोडतो, दुसरा लहानसा रोधक ट्रान्झिस्टरच्या तिसऱ्या पायाशी बसवितो आणि त्या दोन रोधकांच्या किमतींवरून वाढ किती मिळावी ते ठरवितो. बाजारातून आणलेला ट्रान्झिस्टर थोडा सरस निघाला किंवा थोडा निरस निघाला, तरी फारसे बिघडत नाही. रोधक अचूक असले म्हणजे झाले. हे दोन रोधक म्हणजे बोटीवरच्या त्या आकृतीचेच वंशज होत.

ब्लॅक यांनी बेल प्रयोगशाळेत १९६३ सालापर्यंत काम केले. या दीर्घ सेवेत त्यांनी इतरही अनेक शोध लावले आणि आपल्या विद्येवर १९५३ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५७ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना लॅम पदक अर्पण केले. १९८१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंदिरात त्यांचे नाव दाखल झाले. ११ डिसेंबर १९८३ रोजी न्यू जर्सीतील समिट या गावी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ब्लॅक यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात येते. त्यांच्या विवर्धकाचा गुण त्यांच्या स्वभावातही उतरलेला होता. पगारवाढ नाकारली गेली तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःचे ज्ञान तपासले. पहिली युक्ती सदोष ठरली तेव्हा तिच्या मोहात न पडता ती बाजूस ठेवली. विद्वानांनी शंका घेतली तेव्हा काम अधिक चोख केले. आपल्या हातून निघालेली गोष्ट मूळ ध्येयाशी ताडून पाहण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली होती.

आज दूर गावाहून आलेला फोन कानाशी धरून आपण बोलतो, तेव्हा पलीकडच्या माणसाचा आवाज ओळखीचा वाटतो. तो हसला, हळहळला किंवा बोलता बोलता थबकला, तर तेही आपल्याला कळते. वाटेतील कितीतरी यंत्रांनी तो आवाज एकमेकांच्या हाती सोपविलेला असतो, आणि तरीही तो जसाचा तसा येतो. त्या निर्मळपणामागे एका माणसाची सहा वर्षांची चिकाटी आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत काढलेली एक लहानशी आकृती आहे.